गणपतीला घरी गेलात की बाबांची आरती नीट ऐका

मालवणजवळच्या आमच्या घरी आई-बाबा दोघंच असतात. आम्ही गणपतीला डोंबिवलीहून जातो. एका वर्षी बाबांचा आरतीतला आवाज पडवीपर्यंतही पोचेना. "वय झाला आता," आई म्हणाली आणि आम्हीही ते मानलं. उजवा खांदा आखडला होता, त्याला आठ महिने शेक-मालिश झाली. हात थरथरत नव्हता, म्हणून कंपवात (पार्किन्सन) डॉक्टरांच्याही डोक्यात आला नाही. आजाराचं नाव कळेपर्यंत दोन वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत.

पोचल्यावर लगेच प्रश्न विचारू नका, नुसतं बघा. विहिरीकडे जाताना एक हात झुलतो आणि दुसरा अंगालगतच राहतो का? झांज वाजवताना एक हात मागे पडतो का? सदऱ्याची बटणं लावायला फार वेळ लागतो का? नारळांच्या हिशेबाची वही काढा आणि पाच वर्षांपूर्वीच्या पानाशी ताडून बघा. बाबांचं अक्षर मुंगीएवढं झालं होतं, ओळ संपता संपता आणखी बारीक. मग आईला बाजूला घेऊन विचारा: चुलीत सुकट भाजली तरी वास येत नाही का, पोट साफ होत नाही का, झोपेत ओरडतात, लाथा झाडतात का? ही तीन लक्षणं थरथरीच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकतात. एखाद्याच गोष्टीने घाबरायचं कारण नाही. दोन-तीन एकत्र दिसली, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडेच न्या. डोपामाइन, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी मेंदूत आधीपासूनच मरत असतात. हालचाली मंदावेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात.

हा आजार दुर्मीळ नाही. साठीपुढच्या शंभरांत साधारण एकाला तो असतो, बायकांपेक्षा पुरुषांना जास्त. २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते आणि पंचवीस वर्षांत हा आकडा दुपटीवर गेला. तो संसर्गाने पसरत नाही, बाबांच्या ताटात जेवलात तरी काही होत नाही. वाढीचं मोठं कारण वय. माणसं जास्त जगतात. त्यात आमच्या वाडीत तरुण सगळे मुंबईला आणि घरोघरी म्हातारी माणसं, तीही एकटीदुकटी. लक्ष ठेवणार कोण? काहींच्या बाबतीत आनुवंशिकताही असते.

दुसरं कारण आपल्या हातातलं आहे. पॅराक्वाटसारख्या तणनाशकांच्या संपर्कात आलेल्यांना धोका वाढतो, असं अभ्यासांत दिसलंय. बाबांनी काजूच्या बागेत वर्षानुवर्षं उघड्या अंगाने तणनाशक मारलं. त्यानेच हे झालं असं मी म्हणणार नाही. पण भाऊ आता ग्रास कटरनेच गवत काढतो. आंब्यावर फवारायचंच असेल तेव्हा हातमोजे, पूर्ण बाह्या, मास्क घालतो, वाऱ्याकडे पाठ करतो आणि घरात शिरायच्या आधी न्हाणीत जातो. ते कपडे वेगळे धुवा.

औषधाने आजार जात नाही, पण माणूस परत चालता-बोलता होतो. लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामाइन होणाऱ्या औषधाची, गोळी वेळच्या वेळी द्या, मनाने बंद करू नका. माशांतली, डाळीतली प्रथिनं तिच्या आड येतात, म्हणून बऱ्याच जणांना ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. तुमची वेळ डॉक्टरांना विचारा. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा खरोखर असतं, पण गोळ्या चालू असताना शेजाऱ्यांनी दिलेलं चूर्ण डॉक्टरांना न विचारता देऊ नका, मात्रा जास्त होऊ शकते. आईने मोबाइलवर सकाळी सातचा गजर लावलाय. गोळी आधी, पेज साडेसातला.