कधी तुपाशी, कधी उपाशी: प्रसंगीच चालणाऱ्या क्लास ॲबिलिटीज बसवताना या चुका टाळा

होमब्रू (घरी रचलेला) क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, बनवणाऱ्या किंवा छापील क्लासची डागडुजी करणाऱ्या डीएमची (खेळ चालवणाऱ्याची) गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते: फक्त ड्रॅगनविरुद्ध, फक्त जंगलात, फक्त अंधारात चालणारी ॲबिलिटी (खास क्षमता). ती चालली की बाकीचे हात बांधून बसतात, नाही चालली की ती असलेला खेळाडू एकटा. खालची उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर खेळायच्या भूमिका-खेळाची आहेत, पण दुखणं कुठल्याही फँटसी खेळात हेच असतं.

आकडा फुगवणे

'ड्रॅगन दहा लढायांत एकदाच येतो ना? मग फायदा दसपट देऊ.' ऐकायला रास्त वाटतं. आता हिशेब करून बघा. हंटर्स मार्क हा रेंजर या शिकारी क्लासचा मंत्र दर फटक्याला १डी६ (सहा बाजूंचा एक फासा), म्हणजे सरासरी ३.५ जादा डॅमेज (इजा) देतो. ड्रॅगनपुरती ॲबिलिटी त्याच्या तोडीस आणायची तर दर फटक्याला ३५ द्यावे लागतील. पाचव्या लेव्हलचा रेंजर टर्नला (आपल्या पाळीला) दोन बाण मारतो. लाँगबोचा (मोठ्या धनुष्याचा) १डी८ आणि डेक्स्टेरिटीचे (चपळाईचे) ४ धरून बाणामागे साधारण ८.५. दोन्ही लागले तर टर्नला ८७. २०१४ च्या नियमांत (पाचवी आवृत्ती) यंग रेड ड्रॅगनचे हिट पॉइंट, म्हणजे किती डॅमेज सोसेल तो आकडा, आहेत १७८. दुसऱ्या टर्नअखेर त्याच्याकडे चार उरतात! सरासरी जुळली, पण ज्या ड्रॅगनभोवती अख्खं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी गोष्ट) रचलं, तो बाकीच्यांनी फासे हातात घेईपर्यंत आडवा झाला. आणि उरलेल्या नऊ लढायांत त्याच रेंजरला विचारतो कोण?

दुर्मीळपणाची भरपाई आकड्याने होत नाही. रोजचं पोट भरेल इतकं नेहमी चालणाऱ्या भागात द्या, प्रसंगाची भर वर थोडीशी. खेळाच्या जुन्या ३.५ आवृत्तीतला रेंजर मुळात पुरता लढवय्या होता, ठरलेल्या शत्रूविरुद्धचे (फेवर्ड एनिमी) सुरुवातीचे डॅमेजचे अधिक २ ही वरची गंमत होती. २०१४ मध्ये ते डॅमेजही गेलं. शत्रूचा माग काढणं, त्याची माहिती आठवणं यांत ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) आणि एक भाषा एवढंच उरलं. २०२४ मध्ये त्याच नावाखाली हंटर्स मार्क फुकट वापरायला दिला. उपाशी राहणं संपलं, पण शत्रू निवडण्याची मजाही संपली. मला हा सौदा महागाचा वाटतो.

मूळ ताकदच दुसऱ्याच्या हातात देणे

३.५ मध्ये रोग (Rogue) या चोरपावलांच्या क्लासचा स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून मारलेला जादा डॅमेजचा फटका, अनडेड (मेलेले पण हिंडणारे), कन्स्ट्रक्ट (जादूचे पुतळे), ऊझ (लिबलिबीत राक्षस), वनस्पती, एलिमेंटल (आग-पाण्यासारख्या तत्त्वांचे जीव) यांच्यावर चालतच नसे. कॅम्पेन थडग्यांत शिरलं की रोगने कुलपं उघडायची आणि लढाईत टेकू द्यायचा. पाचव्या आवृत्तीने अट काढली नाही, बदलली: हल्ल्यावर ॲडव्हांटेज असावा, नाहीतर लक्ष्यापासून पाच फुटांत आपला साथीदार असावा. ही अट खेळाडू स्वतः जुळवून आणू शकतो: लपून, जागा बदलून, फायटरला पुढे घालून. समोर कोणता राक्षस येणार हे मात्र डीएम ठरवतो. अट लिहिताना ती कोण पुरी करणार, हे आधी विचारा. उत्तर 'डीएम' असेल, तर तिथे क्लासचा कणा ठेवू नका.

अडचणीचा खेळच पुसून टाकणे

२०१४ च्या रेंजरचा नॅचरल एक्सप्लोरर निवडलेल्या प्रदेशात जादूखेरीज वाट चुकू देत नाही, आणि तिथे अन्न दुप्पट मिळतं. म्हणजे जंगलाचा तज्ज्ञ आला की जंगलातला प्रवास दोन वाक्यांत उरकतो, आणि तज्ज्ञाला दाखवायला काही उरतच नाही. फासा टाकावाच लागणार नाही असं देण्यापेक्षा, इतरांना न सुचणारा पर्याय द्या.

वेगळं खातं उघडणे

प्रसंगी लागणाऱ्या ॲबिलिटीचे वापर वेगळे मोजले, की प्रसंग न आल्यास ते वाया जातात. इथे क्लेरिक या देवभक्त क्लासकडून शिकण्यासारखं आहे. टर्न अनडेड (अनडेडना पळवून लावणं) तसं अगदीच प्रसंगी लागणारं, पण ते चॅनल डिव्हिनिटी या मोजक्याच वेळा मिळणाऱ्या दैवी शक्तीच्या वापरातून खर्च होतं. भुतंखेतं नसली, तर लाइफ डोमेनचा (बरं करण्यात मुरलेला) क्लेरिक तोच वापर जखमी साथीदारांसाठी प्रिझर्व्ह लाइफवर करतो. काही वाया जात नाही. तुमची ॲबिलिटी 'दिवसातून एकदा, फक्त पाण्याखाली' अशी असेल, तर तोच वापर कोरड्या जमिनीवरही कशाला तरी लागू द्या.

नियमाला दोष देणे, दोष कॅम्पेनचा असताना

खेळाडूने शत्रू म्हणून अनडेड निवडले आणि तुमची गोष्ट समुद्री चाच्यांची असेल, तर नियम बदलून काय होणार? सेशन झीरोलाच (खेळापूर्वीच्या बैठकीतच) सांगा. खेळ सुरू झाला असेल, तर निवड बदलू द्या. मात्र भरपाई म्हणून प्रत्येक लढाईत सांगाडे कोंबू नका. आणि ॲबिलिटी एकदा जोरात चालली म्हणून पुढचे सगळे शत्रू तिला दाद न देणारे आणणं हा तर रडीचा डाव.

काही ॲबिलिटीजना हातच लावू नये. मंक या हातापायांनी लढणाऱ्या क्लासचा स्लो फॉल चौथ्या लेव्हलला पडण्याच्या डॅमेजमधून २० वजा करतो. पन्नास फुटांवरून पडल्यावर ५डी६, म्हणजे सरासरी १७.५ डॅमेज होतं. स्लो फॉल कित्येक सेशन्स वापरात येत नाही, आणि त्यावाचून मंकचं काही अडतही नाही. फक्त खेळाडूने 'मनोऱ्यावरून उडी मारतो' म्हटलं, की तिथे नवा नियम काढून त्याला अडवू नका.