श्रवण तपासणीच्या नोंदीत लॅबचा रिपोर्ट जोडताना या चुका टाळा

बाळाची ओएई (कानात आवाज सोडून मशीनने केलेली ऐकण्याची तपासणी) झाली, मशीनवर 'रेफर' म्हणजे 'पास नाही, पुढे तपासा' असं आलं, बहिरेपणाचं कारण शोधायला लघवीचा नमुना लॅबला गेला, आठवड्याने रिपोर्टही आला. आणि तो दुसऱ्याच बाळाच्या नावावर चढला. मराठवाड्यातल्या ज्या रुग्णालयात मी या नोंदी सांभाळत होते, तिथे हे घडलं. एकाच दिवशी जन्मलेली दोन लेकरं, दोघांच्या लेबलवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव-आडनाव अगदी सारखं. एक माय अंबडकडची, दुसरी घनसावंगीची. गाव वेगळं होतं, पण लॅबच्या फॉर्मवर गावाचा रकानाच नव्हता.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे. कानाची तपासणी आता बऱ्याच ठिकाणी होते. मात्र तिचा आणि लॅबचा धागा जुळत नाही. जन्मजात सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) संसर्ग, म्हणजे आईच्या पोटातच बाळाला लागलेला हा विषाणू, हे आनुवंशिक नसलेल्या जन्मजात बहिरेपणाचं सर्वांत मोठं कारण आहे, आणि जास्त वाढलेली कावीळ श्रवणाच्या नसेला इजा करते. दोन्हींचा पत्ता लॅबमध्येच लागतो.

नावावरून बाळ शोधू नका

बारशापर्यंत बाळाला नाव नसतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून केसपेपरवर कधी माहेरचं आडनाव, कधी सासरचं, आणि मोबाइल मामाचा. सव्वा महिन्याने माय-लेकरू दुसऱ्या जिल्ह्यात. पिंपळगाव तर तालुक्यागणिक सापडतं. तेव्हा जोडणी आईच्या आरसीएच नंबरवर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीत मिळणारा नंबर) करा, सोबत जन्मतारीख आणि जन्मवेळ ताडून पाहा. जुळी असतील तर 'पहिलं' की 'दुसरं' हे नमुन्याच्या लेबलवरच हवं. नाव फक्त वाचायला ठेवा.

इथे एक्सेल दगा देतं. आभा नंबर (सरकारी आरोग्य खात्याचा नंबर) १४ आकडी असतो. लॅबची सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की तो ९.१२ई+१३ असा दिसतो, आणि तशीच सेव्ह केली की सुरुवातीचे मोजके आकडे उरून पुढे सगळी शून्यं होतात. मग एकाच नंबरची अनेक बाळं दिसायला लागतात. फाइल इम्पोर्ट करताना तो रकाना 'टेक्स्ट' करून घ्या. तारखेचंही तसंच: ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे लॅबला एकदा विचारून ठरवून घ्या.

रिपोर्टची तारीख म्हणजे नमुन्याची तारीख नव्हे

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे. सीएमव्हीसाठी लघवी किंवा लाळेचा नमुना जन्मापासून २१ दिवसांच्या आत घ्यावा लागतो. त्यानंतर विषाणू सापडला तर तो पोटातून आला की नंतर, आईच्या दुधातून वगैरे लागला, हे सांगता येत नाही.

आमच्या एका बाळाचा नमुना १९ व्या दिवशी घेतला होता. रिपोर्ट आला २६ व्या दिवशी. सिस्टिमने रिपोर्टची तारीख धरली, 'उशिराचा नमुना' असा शिक्का मारला आणि चांगला, वैध पॉझिटिव्ह रिपोर्ट बाजूला पडला. तो मला कागदी वहीशी ताळा करताना दिसला. उलटंही होतं: तिसाव्या दिवशीचा नमुना, पण नोंद 'जन्मजात सीएमव्ही' अशी. म्हणून नमुना घेतल्याची, लॅबला पोचल्याची आणि रिपोर्टची असे तीन रकाने वेगळे ठेवा. २१ दिवसांचा हिशोब फक्त पहिल्या तारखेवर करा.

याहून मोठी अडचण कामाच्या रिवाजात आहे. 'रेफर' आलेल्या बाळाला आपण सवयीने सांगतो, "दीड महिन्याच्या लसीला याल तेव्हा पुन्हा बघू." तोवर २१ दिवस कधीच सरलेले असतात. पहिल्या 'रेफर'लाच स्क्रीनवर 'नमुन्याला इतके दिवस उरले' असं दिसायला हवं. सॉफ्टवेअरवाल्यांकडून एकच गोष्ट मागून घेता येत असेल, तर ही मागा.

'निगेटिव्ह' या शब्दाखाली चार गोष्टी लपतात

विषाणू सापडला नाही, नमुना अपुरा होता, तपासणी केलीच नाही, रिपोर्ट यायचा आहे. रिकामा रकाना 'निगेटिव्ह' धरणारी सिस्टिम मी पाहिली आहे. या चारही अवस्था वेगळ्या निवडता आल्या पाहिजेत.

खासगी लॅबमधून बाळाचं 'टॉर्च पॅनेल' (सीएमव्हीसह काही संसर्गांविरुद्धच्या आयजीजी आणि आयजीएम या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) येतं, तेही जपून चढवा. त्यातला आयजीजी पॉझिटिव्ह बहुतेक वेळा आईकडून नाळेवाटे आलेला असतो, आणि आयजीएम निगेटिव्ह आला म्हणून संसर्ग नाही असं होत नाही. पीसीआर (थेट विषाणू शोधणारी तपासणी) आणि हे पॅनेल एकाच 'सीएमव्ही' रकान्यात गेले की नोंद वाचणारा डॉक्टर फसतो. तपासणीचं नाव, पद्धत आणि नमुना (लाळ, लघवी, रक्त) वेगवेगळे लिहा. लॉइंक कोड (प्रत्येक लॅब तपासणीला दिलेला आंतरराष्ट्रीय कोड) वापरत असाल तर नमुना बदलला की कोडही बदलतो. अंगावर पाजल्यावर लगेच घेतलेल्या लाळेत दुधातला विषाणू येऊ शकतो, म्हणून लाळेचा पॉझिटिव्ह लघवीवर पक्का होईपर्यंत 'तात्पुरता' ठेवा.

कावीळ आणि 'पास'

बिलिरुबिनचं (रक्तातलं काविळीचं प्रमाण) एकक तपासा. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधला २० म्हणजे मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये साधारण ३४२. एसएनसीयूतल्या (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातल्या) बाळाचे दहा रिपोर्ट असतील तर शेवटचा नको, सर्वांत वरचा आकडा हवा. रक्त बदललं असेल तर तेही लिहा.

अशा बाळाची ओएई पास झाली की फाइल आपोआप बंद होते, ते आधी थांबवा. ओएई कानाच्या आतल्या पेशी तपासते, नसेपर्यंत पोचत नाही. त्यासाठी बेरा (आवाजाचा संदेश नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, हे पाहणारी तपासणी) लागते. सीएमव्ही पॉझिटिव्ह बाळाचंही तसंच: आज पास झालं तरी ऐकणं पुढे कमी होऊ शकतं, म्हणून त्याची फाइल काही वर्षं उघडी राहिली पाहिजे. आजी सांगते, "थाळी वाजिवली की बघतंय की लेकरू." अर्धवट ऐकणारं बाळही थाळीच्या आवाजाला बघतं.

रिपोर्ट दिसतच नसेल तर

आधी न जुळलेल्या रिपोर्टांची यादी उघडा. बहुतेक सिस्टिममध्ये ती असते, आणि ती कोणाचं काम आहे हे ठरलेलं नसतं. एका माणसाच्या नावावर करा, रोज सकाळी बघायला सांगा. सुधारित रिपोर्ट आला तर जुना पुसू नका, दोन्ही तारखांसह राहू द्या.

आणि संपर्क. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात, फोन बंद लागतो, रिपोर्ट इथे पडून राहतो. आईच्या नंबरसोबत आशाताईंचा नंबर घ्या. टोळी कोणत्या कारखान्यावर गेली हे बहुधा त्यांना ठाऊक असतं, मुकादमाचा नंबरही त्या काढून देतात. तोही बाळाच्या याच नोंदीत लिहा, वेगळ्या वहीत नको.