गल्ल्यावर येणारे फसवे फोन : या चुका टाळा

फसवा फोन बहुधा ऐन गर्दीत येतो, नाहीतर दुकान बंद करायच्या सुमाराला. मॅनेजर बाहेर गेलेला असतो, काउंटरवर नवीन मुलगी एकटी असते, समोर गिऱ्हाइकं ताटकळत असतात. ही वेळ साधलेली असते. त्याआधी कधीतरी एक साधासा फोन येऊन गेलेला असतो: "मॅनेजर आहेत का? त्यांचं नाव काय? संध्याकाळी कोण असतं?" कुणीतरी सहज उत्तरं दिलेली असतात. पुढच्या फोनवर तीच नावं आपल्याला परत ऐकवली जातात आणि समोरचा माणूस आतला वाटायला लागतो.

म्हणून पहिली चूक टाळायची ती इथेच. कोण कधी असतं, कार्ड मशीन कुठल्या कंपनीचं आहे, तिजोरीची चावी कुणाकडे असते, यातलं काहीही फोनवर सांगायचं नाही. "आपलं नाव आणि नंबर द्या, निरोप पोचवते," एवढं उत्तर पुरतं. त्यात उद्धटपणा काहीच नाही.

स्क्रीनवरचा नंबर पाहून खात्री धरणं

इंटरनेटवरून केलेल्या फोनमध्ये समोरच्याला कुठला नंबर दिसावा हे फोन करणारा बऱ्याचदा स्वतः ठरवू शकतो. त्यामुळे स्क्रीनवर हेड ऑफिसचा, बँकेचा किंवा पोलीस ठाण्याचा नंबर दिसला तरी फोन तिथूनच आलाय असं धरून चालायचं नाही. आवाजाचंही आता तेच झालंय. मालकाच्या आवाजाचे थोडे नमुने मिळाले तर त्याची नक्कल संगणकावर तयार होते. आवाज ओळखीचा आहे म्हणून पैसे हलवायचे नाहीत, हा नियम मालकांनी स्वतःहून घालून द्यायला हवा.

लाइनवर राहणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. फोन साधारण असा असतो:

"मी हेड ऑफिसमधून बोलतोय. तुमच्या गल्ल्यात आज फरक आलाय. मॅनेजरसाहेब माझ्यासोबत दुसऱ्या लाइनवरच आहेत. फोन ठेवू नका आणि कुणाशी बोलू नका, चौकशी चालू आहे."

यातलं शेवटचं वाक्य नीट ऐका. माणूस एकटा पडला आणि सतत बोलण्यात गुंतला की त्याला विचार करायला, शेजारच्या सहकाऱ्याला विचारायला उसंतच मिळत नाही. 2004 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, माउंट वॉशिंग्टन गावातल्या एका रेस्टॉरंटमध्ये असाच फोन आला. बोलणाऱ्याने आपण पोलीस असल्याचं सांगितलं, तुमचे वरिष्ठही लाइनवर आहेत असं भासवलं आणि चोरीच्या संशयावरून सहाय्यक मॅनेजरला एका तरुण कर्मचारी मुलीची झडती घ्यायला लावली. त्या मुलीचा छळ कित्येक तास चालला. शेवटी दुरुस्तीची कामं करणाऱ्या एका माणसाने सांगितलेलं करायला साफ नकार दिला, तेव्हा सहाय्यक मॅनेजरने आपल्या मॅनेजरला फोन लावला. त्या घरी झोपलेल्या होत्या आणि कुठल्याही पोलिसाशी बोललेल्या नव्हत्या. तो एक फोन आधीच लावला गेला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

फोन ठेवायला घाबरू नका. खरं काम असेल तर तो माणूस पुन्हा फोन करील. "मी पाच मिनिटांत परत फोन करते," म्हणा आणि त्याच्या उत्तराची वाट न पाहता ठेवून द्या. तो चिडला, नोकरी जाईल म्हणाला, तर आपण योग्य तेच करतोय असं समजा.

पडताळणी त्याच्याच नंबरवर करणं

"खात्री करायची असेल तर हा नंबर घ्या" असं सांगून दिलेल्या नंबरवर त्याचाच साथीदार बसलेला असतो. नंबर आपल्या काउंटरवरच्या यादीतला किंवा मशीनसोबत आलेल्या कागदांवरचाच हवा. आणखी एक बारकावा: काही ठिकाणी लँडलाइनवर आपण रिसीव्हर ठेवला तरी फोन करणाऱ्याने लाइन सोडेपर्यंत ती थोडा वेळ जोडलेलीच राहते. लगेच दुसरा नंबर फिरवला तरी तोच माणूस 'बँक' म्हणून बोलतो. त्यामुळे पडताळणीचा फोन दुसऱ्या उपकरणावरून करा.

गिफ्ट कार्डाचे कोड वाचून दाखवणं

"सिस्टीम तपासायची आहे, काही कार्डं सुरू करा आणि मागचे आकडे सांगा." कोड सांगितला की पैसे गेलेच म्हणून समजा, कार्ड आपल्या हातात राहिलं तरी उपयोग नाही. कुठलीही कंपनी अशी चाचणी दुकानाकडून फोनवर करून घेत नाही. दंड, वीजबिल, थकलेला कर गिफ्ट कार्डाने मागणारा प्रत्येक फोन खोटाच असतो. कुणी गिऱ्हाईक कानाला फोन लावून, घाबऱ्याघाबऱ्या बरीच कार्डं घ्यायला आलं तर त्यांनाही हळूच विचारा, "कुणी सांगितलं म्हणून घेताय का?" पुष्कळदा आपल्या या एका प्रश्नावर त्यांची आयुष्याची पुंजी वाचते.

कार्ड मशीनवर सांगेल ते बटण दाबणं

'टेस्ट रिफंड' नावाची गोष्ट फोनवरून करायची नसते; तो खराखुरा रिफंड असतो आणि कुणाच्या तरी कार्डावर जमा होतो. संगणकावर 'अपडेट'साठी एखादं ॲप टाकायला सांगितलं तरी नकार द्या, कारण त्यातून संगणकाचा ताबाच दुसऱ्याकडे जातो.

याच्या शेजारचा एक प्रकार: गिऱ्हाइकाचं कार्ड चालत नाही, तो आपल्या फोनवरून 'बँकेला' फोन लावतो आणि मिळालेला मंजुरीचा कोड आपल्याला मशीनमध्ये हाताने घालायला सांगतो. व्यवहार झाल्यासारखा दिसतो, पण बँक तो नंतर नाकारू शकते आणि नुकसान दुकानाच्या माथी येतं. मंजुरी फक्त आपल्या बँकेकडूनच घ्यायची. कार्डाबद्दल शंका असेल तर बऱ्याच बँकांत फोन करून 'कोड 10' म्हटलं की पलीकडचा माणूस हो-नाहीत उत्तर देता येतील असे प्रश्न विचारतो, समोरच्या गिऱ्हाइकाला कळतही नाही. आपल्या बँकेत ही सोय आहे का, ते आधीच विचारून ठेवा.

रोकड बाहेर नेणं

तिजोरीतली रोकड काढून क्रिप्टोच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी चलनाच्या, मशीनमध्ये भरा किंवा दाराशी आलेल्या माणसाकडे द्या, असं सांगणारा कुणीही असो, फोन तिथेच तोडा.

फसवणूक झाल्यावर गप्प बसणं

इथे मिनिटं मोलाची असतात. गिफ्ट कार्डाची कंपनी, कार्ड मशीनची बँक आणि पोलीस, तिन्हीकडे लगेच फोन करा. कधीकधी उरलेली रक्कम गोठवता येते. पावत्या, कार्डं, फोनची वेळ आणि दिसलेला नंबर जपून ठेवा. त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रीकरण आपोआप पुसलं जाण्याआधी काढून ठेवा. जवळच्या दुकानांनाही कळवा, कारण तोच माणूस त्यांनाही फोन करीत असण्याची शक्यता मोठी.

आणि मालकांनो, फसलेल्या मुलीच्या पगारातून पैसे कापू नका, चारचौघांत बोलू नका. तसं केलंत तर पुढच्या वेळी कुणीतरी तासभर हे लपवून ठेवील आणि गोठवता आली असती ती रक्कमही जाईल. त्याऐवजी गल्ल्याजवळ मोठ्या अक्षरांत लिहून सही करून लावा: "फोनवर पैसे, कोड किंवा रिफंड मागितला तर फोन ठेवा. पलीकडून मी स्वतः बोलत असलो तरी."