शाळेसाठी सुरक्षा प्रशिक्षक निवडताना त्याची कारकीर्द कशी वाचावी

शाळेत सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचं ठरलं की समितीपुढे दोन-तीन माहितीपत्रकं येतात. त्यांतल्या एकावर गणवेशातला फोटो असतो, खाली ठळक अक्षरांत 'पोलीस सेवेत पंचवीस वर्षं' असं लिहिलेलं असतं आणि खोलीतल्या निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होऊन जातो. मुख्याध्यापिका असताना मी अशा बैठका घेतल्या आणि निवृत्तीनंतर इतर शाळांच्या समित्यांबरोबर बसून हेच काम करते. पोलिसांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि बहुतेक शाळांना एका चांगल्या पोलीस प्रशिक्षकाची गरज असतेच. पण ती पंचवीस वर्षं कशात गेली, हे विचारल्याशिवाय तो आकडा काहीच सांगत नाही. ती वाहतूक शाखेत गेली असतील, तुरुंगाच्या बंदोबस्तात गेली असतील, आर्थिक गुन्ह्यांच्या कागदपत्रांत गेली असतील. प्रत्येक काम मोलाचं, पण भेदरलेल्या चाळीस मुलांना वर्गाबाहेर कसं काढायचं, ते यांतलं कुठलंच काम आपोआप शिकवत नाही.

म्हणून माहितीपत्रक हातात आलं की पेन्सिल घ्या. प्रत्येक पदाशेजारी तीन गोष्टी लिहा: रोजचं काम नेमकं काय होतं, त्यातलं किती मुलांमध्ये होतं आणि ते कोणत्या साली संपलं. जिथे लिहिता येणार नाही तिथे प्रश्नचिन्ह काढा. मुलाखतीचे पहिले प्रश्न तुम्हाला तिथेच सापडतील. हुद्दा मात्र बाजूला ठेवा. हुद्दा जितका मोठा, तितका माणूस प्रत्यक्ष घटनास्थळापासून दूर गेलेला असण्याची शक्यता जास्त.

साल का विचारायचं, तेही सांगते. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, तेव्हा पोलिसांची रूढ पद्धत होती ती बाहेर घेराव घालून विशेष पथकाची वाट पाहण्याची. आत जखमी माणसं तासन्‌तास मदतीविना राहिली. त्यानंतर ती पद्धत मोडीत निघाली. जो अधिकारी पहिला पोहोचेल त्याने थेट हल्लेखोराकडे जायचं, हे नवं सूत्र ठरलं आणि ते शिकवण्यासाठी २००२ साली टेक्सास स्टेट विद्यापीठात 'अलर्ट' नावाचं केंद्र सुरू झालं. म्हणजे एखाद्याची प्रत्यक्ष सेवा त्याआधी संपली असेल आणि नंतर त्याने नवं काही शिकलं नसेल, तर त्याच्या डोक्यातलं शास्त्रच जुनं आहे. 'तुम्ही सेवेत होतात तेव्हा काय शिकवायचे आणि आता काय शिकवतात, त्यात फरक काय पडला?' हा प्रश्न जरूर विचारा. ज्याचा अभ्यास चालू आहे तो यावर खुलून बोलतो.

पण नुसतं प्रशिक्षण झालं म्हणजे तयारी झाली असंही नाही. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या उवाल्डीच्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे ३७६ पोलीस जमले होते आणि हल्लेखोराला रोखायला ७७ मिनिटं लागली. त्या शाळांच्या स्वतःच्या पोलीस विभागाने दोनच महिने आधी अशाच प्रसंगाचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. हे वाचल्यापासून मी 'किती तास प्रशिक्षण दिलं' या उत्तरावर कधीच थांबत नाही. 'प्रशिक्षणानंतर लोकांना ते जमतं की नाही, हे तुम्ही कसं पाहिलंत?' असं पुढे विचारते.

आता प्रमाणपत्रांची भाषा. खोटं न लिहिताही भलताच समज करून देता येतो. उदाहरणार्थ, 'एफबीआय नॅशनल अकादमीचे पदवीधर' असं वाचलं की समितीतल्या सगळ्यांना वाटतं, हे गृहस्थ एफबीआयमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेत, होते. प्रत्यक्षात ती अमेरिकेतल्या क्वांटिको इथली काही आठवड्यांची निवासी शाळा आहे. इतर पोलीस दलांतल्या निवडक अधिकाऱ्यांसाठी ती भरते आणि १९३५ पासून चालू आहे. तिथे निवड होणं मानाचंच, पण तो अभ्यासक्रम पोलीस नेतृत्वाचा आहे, शाळेच्या सुरक्षेचा नव्हे. तसंच 'अमुक पद्धतीत प्रशिक्षित' म्हणजे वर्गात बसून आला, आणि 'अमुक पद्धतीचा प्रमाणित प्रशिक्षक' म्हणजे शिकवण्याची परवानगी मिळवली. या दोन ओळींत फार अंतर आहे. प्रत्येक प्रमाणपत्रासाठी देणारी संस्था, तास, तारीख आणि मुदत विचारा. मूळ प्रत पाहा आणि संस्थेला विचारून खात्री करा. भल्या माणसाला याचा राग येत नाही.

सेवा का सोडली हेही विचारायला लाजू नका. निवृत्ती, राजीनामा आणि बडतर्फी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण माहितीपत्रकावर तिन्ही 'माजी अधिकारी' म्हणूनच येतात. अमेरिकेत पोलिसांचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी राज्याचं मंडळ देतं आणि गैरवर्तन झालं तर काढूनही घेतं. आपण जिथे असू तिथली जी अधिकृत पडताळणी असेल, ती पूर्ण झाल्याशिवाय माणूस मुलांसमोर उभा राहता कामा नये. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची जी चौकशी होते तीच प्रशिक्षकाचीही व्हावी. पाहुणा म्हणून सूट नको.

कोणत्या पार्श्वभूमीतून काय येतं, हे माझ्या अनुभवातून सांगते. गस्तीवर राहिलेला पोलीस पहिल्या दहा मिनिटांचं खरं चित्र देतो: मदत कुठून येईल, आत आलेले पोलीस काय ओरडतील, हात कसे दिसले पाहिजेत. शाळेतच नेमणूक झालेला पोलीस त्याहून उपयोगी, कारण त्याला मधल्या सुट्टीतला गोंधळ, भिंतीवरून उडी मारणारी मुलं, गेटवरचे तंटे माहीत असतात. अमेरिकेत अशा अधिकाऱ्यांची एक राष्ट्रीय संघटना १९९१ पासून आहे आणि ती त्यांच्याकडून तीन भूमिकांची अपेक्षा ठेवते: कायदा राखणारा, शिकवणारा आणि मुलांना आधार वाटेल असा मोठा माणूस. तुमच्यासमोरचा उमेदवार यांतल्या फक्त पहिल्या भूमिकेबद्दल बोलत राहिला तर लक्षात ठेवा. विशेष पथकातली किंवा सैन्यातली माणसं शिस्त आणि नियोजन उत्तम शिकवतात, पण त्यांच्या हाताखाली नेहमी तयारीची, धडधाकट माणसं असतात. शाळेत दम्याची मुलं असतात, चाकाच्या खुर्चीतली असतात, मोठा आवाज झाला की कान झाकून जमिनीवर बसणारी असतात. त्यांच्यासाठी काय कराल, हे आधी विचारा.

अग्निशमन दलातल्या लोकांकडे समित्यांचं दुर्लक्ष होतं, याचं मला वाईट वाटतं. एका शाळेत अग्निशमन दलातले निवृत्त गृहस्थ आले होते. बालवर्गाच्या दारापाशी येताच ते गुडघ्यांवर बसले आणि कडीकडे खालून पाहत राहिले. चार वर्षांच्या मुलाचा हात तिथे पोहोचत नाही, हे त्यांनी आम्हाला बसूनच दाखवलं. मग दार आत उघडतं की बाहेर ते पाहिलं, आणि दारामागे रचलेल्या चटया तिथल्या तिथे हलवायला लावल्या. त्यांच्या माहितीपत्रकात एकही मोठं नाव नव्हतं.

आपत्कालीन फोन घेणाऱ्या नियंत्रण कक्षात काम केलेल्या व्यक्तीला तासाभरासाठी का होईना बोलवा. घाबरलेल्या माणसाने आधी ठिकाण सांगावं, मग काय झालं ते, हे त्यांच्याइतकं चांगलं कोणी शिकवत नाही.

आणि समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, बालसंरक्षणात काम केलेले लोक. यांच्याशिवाय पथक पूर्ण होतच नाही असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला आधार आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शिक्षण खात्यासोबत शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ साली अहवाल दिला. त्यांतल्या ८१ टक्के प्रसंगांत हल्लेखोराच्या मनात काय चाललंय हे किमान एका माणसाला आधी माहीत होतं, आणि तो माणूस बहुधा मित्र, वर्गमित्र किंवा भावंडच होता. म्हणजे सर्वांत मोठं संरक्षण म्हणजे मूल विश्वासाने येऊन बोलेल असा मोठा माणूस शाळेत असणं. हे घडवायला ऐकून घेण्याचं, धोक्याचं मोजमाप करण्याचं आणि मुलाला गुन्हेगार न ठरवता मदतीला नेण्याचं कौशल्य लागतं. ते कुलूप आणि कॅमेरे शिकवणाऱ्याकडे असेलच असं नाही.

ही बाजू सुटली की काय होतं, ते २०१९ च्या जानेवारीत इंडियाना राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत दिसलं. सरावाच्या नावाखाली शिक्षकांना गटागटाने खोलीत नेऊन भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसवलं आणि त्यांच्यावर प्लास्टिकच्या गोळ्या झाडल्या. काहींच्या अंगावर वळ उठले, रक्त आलं. सराव घेणारे खरेखुरे पोलीस होते. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सीसाइड इथल्या एका हायस्कूलमध्ये राखीव पोलीस असलेल्या शिक्षकाच्या हातून, बंदुकीच्या सुरक्षिततेवरचा धडा देत असतानाच, वर्गात गोळी सुटली आणि विद्यार्थ्याला इजा झाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० साली स्पष्ट भूमिका घेतली की मुलांना फसवून किंवा हुबेहूब हल्ला उभा करून सराव घेऊ नयेत. म्हणून माझ्या तीन अटी ठरलेल्या आहेत: खरं शस्त्र आवारात येणार नाही, सराव आहे हे सगळ्यांना आधी कळवलं जाईल आणि कुणालाही कारण न देता बाजूला होता येईल. यावर जो प्रशिक्षक 'मग लोक गंभीरपणे घेणार नाहीत' म्हणतो, त्याला मी आभार मानून निरोप देते.

गणवेशाबाहेरचा माणूस किती मोठं काम करू शकतो, याचं माझ्या नजरेतलं उदाहरण जपानमधलं आहे. तेव्हा गुन्मा विद्यापीठात असलेले आपत्ती अभ्यासक तोशिताका कातादा यांनी कामाइशी शहरातल्या शाळांमध्ये कित्येक वर्षं काम केलं. धोक्याचा भाग दाखवणाऱ्या नकाशावर विश्वास ठेवून बसू नका, जमेल तितकं करा आणि सगळ्यांत आधी पळायला सुरुवात करा, असं ते मुलांना शिकवत. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामी आली तेव्हा उनोसुमाई भागातली मोठी मुलं लहानांचे हात धरून निघाली, ठरलेली जागा सुरक्षित वाटेना म्हणून आणखी वर गेली आणि वाचली. त्याच दिवशी इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेत मुलं सुमारे पन्नास मिनिटं मैदानातच थांबून राहिली. तिथली ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पुढे न्यायालयाने पूर्वतयारीच अपुरी असल्याचं ठरवलं आणि २०१९ मध्ये तो निकाल सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. प्रशिक्षक निवडताना आपल्या शाळेला खरा धोका कशाचा आहे, आग, पाणी, रस्ता, भूकंप की माणूस, हे आधी लिहून काढा. पार्श्वभूमी त्या यादीशी जुळली पाहिजे.

मुलाखत खुर्च्यांवर बसून पूर्ण करू नका. उमेदवाराबरोबर शाळा फिरा आणि तुम्ही गप्प राहा. तो आधी काय पाहतो ते बघा. कुलपं पाहतो की मुलं? जिन्याखालच्या खोलीबद्दल विचारतो का? शिपाई आणि सफाई करणाऱ्या बाईंशी थांबून बोलतो का? कोणतं दार कधी उघडं राहतं हे त्यांनाच माहीत असतं. मग एक प्रसंग द्या: 'तिसरीच्या वर्गात सगळे बाहेर पडले, एक मूल बाकाखाली गोठून बसलंय, शिक्षिका एकटी आहे.' उत्तर ऐका. ज्याने मुलांसोबत काम केलंय तो आधी मुलाबद्दल प्रश्न विचारतो. ज्याने केलेलं नाही तो लगेच आदेश देतो.

आधीच्या शाळांना फोन करा, पण मुख्याध्यापकांबरोबर थांबू नका. एखाद्या वर्गशिक्षकाशी बोलायला मागा आणि 'प्रशिक्षणानंतर तुमच्या वर्गात नेमकं काय बदललं?' एवढंच विचारा. 'फार प्रभावी बोलले' हे उत्तर पुरेसं नाही. 'आता हजेरीपट मी नेहमी दारापाशी ठेवते' हे उत्तर पुरेसं आहे. शिवाय प्रशिक्षक एखादं उपकरण, अ‍ॅप किंवा कॅमेऱ्यांची यंत्रणा विकतो का किंवा त्यावर दलाली घेतो का, हे लेखी विचारून घ्या. विकणं गुन्हा नाही, पण मग त्याचा सल्ला आणि त्याची विक्री आपल्याला वेगळी करून पाहावी लागते.

सगळं एका माणसात मिळत नाही, म्हणून जमल्यास जोडी बोलवा: एक पोलीस किंवा अग्निशमन दलातला, दुसरा मुलांच्या मनाचं जाणणारा. दोघांनी मिळून आराखडा करावा, तो समितीने आधी वाचावा आणि मुलांसमोरच्या प्रत्येक सत्रात वर्गशिक्षक हजर असावेत. करारात तीन महिन्यांनंतरची एक भेट लिहून घ्या. त्या भेटीत भाषण नको. प्रशिक्षकाने बदली शिक्षकाला, ग्रंथपालाला आणि स्वयंपाकघरातल्या ताईंना एकेकटं गाठून विचारावं की घंटा वाजली तर तुम्ही कुठे जाल, आणि मिळालेली उत्तरं त्याच दिवशी समितीला लिहून द्यावीत.