कोडं सुटत नाहीये? या चुका टाळा, उत्तर बहुतेक वेळा साधंच असतं

मी सांगलीत विश्रामबागला राहते, सुट्टीत आमच्याकडं भाचरं आणि शेजारची मिळून सहा-सात पोरं जमतात, आठवीच्या स्कॉलरशिपचा बुद्धिमत्तेचा पेपर सोडवायला. पोरं हुशार आहेत, पण कोड्यापाशी अडतात आणि अडायची कारणं दरवेळी तीच, म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोड्यात नसलेलं पदरचं घालणं. साताऱ्याहून कंदी पेढे आले होते तेव्हा मी विचारलं, दोन बाप, दोन मुलगे, पेढे तीन, आणि प्रत्येकाला अख्खा एक मिळाला, कसं काय? लगेच कुणी म्हणालं एकाला शुगर असेल, कुणी म्हणालं एक नंतर आला असेल. अरे पण शुगर कोड्यात कुठंय? पेढे तीन आणि प्रत्येकाला एक, म्हणजे माणसं तीनच. आजोबा, बाबा, नातू. मधला माणूस मुलगाही आहे आणि बापही. नवीन काहीच घालावं लागलं नाही. १४व्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकम या इंग्लिश विचारवंताच्या नावानं हा नियम ओळखतात, ऑकमचा वस्तरा, गरज नसलेली गृहीतकं तासून टाकायची.

दुसरी चूक, प्रश्न काय विचारलाय ते सोडून भलतंच मोजत बसणं. समजा सांगली-मिरज अंतर १० किलोमीटर, दोन्हीकडून दोन सायकलवाले ताशी १० च्या स्पीडनं एकमेकांकडं निघाले, आणि एक माशी ताशी २० नं या सायकलवरनं त्या सायकलवर, तिथनं परत, अशी दोघं भेटेपर्यंत उडत राहिली, तर ती एकूण किती उडाली? पोरं पहिली फेरी काढतात, पावणेसातच्या आसपास येते, मग दुसरी सव्वादोन, मग तिसरी, आणि पान भरतं तरी फेऱ्या संपत नाहीत. चुकीचं नाहीये ते, बेरीज केली तर उत्तर बरोबरच येईल. पण माशी किती वेळ उडाली एवढंच बघा ना, सायकली अर्ध्या तासात भेटतात, ताशी २० नं अर्धा तास म्हणजे १० किलोमीटर, झालं. माझी भाची हे कळल्यावर दोन मिनिटं नुसती कागदाकडं बघत बसली होती, मला फार आवडतो तो क्षण.

आता याच्या उलट चूक, आणि ही मोठी माणसंही करतात. साधं म्हणजे पहिलं सुचलेलं, असं नाही! पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये लोकांना २-४-६ हे आकडे दिले आणि म्हणाला यामागचा नियम ओळखा, तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, मी बसतात का नाही ते सांगतो. लोक ८-१०-१२ वगैरे विचारायचे, हो यायचं, आणि बऱ्याच जणांनी 'दोन-दोननं वाढतात' असं ठोकून दिलं. नियम होता फक्त चढता क्रम, म्हणजे त्यांच्या नियमापेक्षाही साधा. १-५-४० विचारलं असतं तरी कळलं असतं. तेव्हा नुसतं पटणारंच तपासू नका, आपलं उत्तर कुठं मोडतंय का ते मुद्दाम बघा.

घरी करून बघायचं असेल तर एक वर्तुळ काढा, परिघावर ठिपके द्या आणि प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांना सरळ रेषेनं जोडा, आतले तुकडे मोजा. दोन ठिपक्यांना २ तुकडे, तीनला ४, चारला ८, पाचला १६. सहाला किती? सगळे ३२ म्हणतात, पण येतात ३१. मोजताना ३० आले तर ठिपके अगदी सारख्या अंतरावर पडलेत आणि मधे तीन रेषा एकाच जागी छेदतायत, एक ठिपका जरासा सरकवा आणि परत मोजा.