टेट मॉडर्नमध्ये पूर्व युरोप बघायचा तर

लंडनला पाहुणे आले की टॉवर ब्रिज आणि मॅडम तुसाद ते आपापलं उरकतात. तिसऱ्या दिवशी मी त्यांना टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या संग्रहालयात नेते. तिथे पिकासो असतोच, पण मला घाई असते ती पोलंड, क्रोएशिया, युक्रेनमधल्या लोकांच्या कामाची. "हे काय कळणार आपल्याला?" असं प्रत्येक जण म्हणतो. म्हणून माझी पद्धत लिहून ठेवते.

आदल्या रात्री टेटची वेबसाइट उघडा. कलाकाराचं नाव टाकलं की कामांची यादी येते, आणि काम सध्या मांडलेलं आहे की नाही, असेल तर कुठे, हेही कळतं. संग्रहातल्या वस्तू आलटून पालटून बाहेर काढतात. मी एकदा न बघता गेले आणि जे बघायचं होतं ते गोदामात निघालं. संग्रहाच्या दालनांना तिकीट नाही, खास प्रदर्शनांना आहे. सेंट पॉल्स स्टेशनला उतरून मिलेनियम ब्रिजवरून चालत या. समोरची उंच चिमणी जुन्या वीजकेंद्राची, तीच इमारत.

आत गेल्यावर कामाशेजारच्या पाटीवरचा मोठा परिच्छेद आधी वाचू नका. जन्मगाव, साल आणि सामान, म्हणजे काम कशापासून केलंय, एवढंच बघा. सगळ्यांना सरसकट 'रशियन' म्हणायची आपली सवय तिथेच मोडते. इल्या काबाकोव्ह मॉस्कोत वाढला, पण जन्मला 1933 साली युक्रेनमधल्या आजच्या द्नीप्रो शहरात.

सामानाची ओळ माझी सगळ्यात लाडकी. पोलंडच्या माग्दालेना अबाकानोविचच्या 1969 च्या लाल 'अबाकान' या विणलेल्या कामाखाली 'सिसल' लिहिलेलं असतं. सिसल म्हणजे आपल्या बांधावरचं घायपात! मी सोलापूरची, माहेरी यंत्रमाग, त्यामुळे विणलेलं काहीही दिसलं की आधी उलटी बाजू बघायची खोड आहे. इथे उलटी-सुलटी काही नाहीच. छतापासून लोंबणारा, माणसाहून कितीतरी मोठा, मधोमध फाकलेला लालभडक वाखाचा पडदा; भोवती फिरायचं. बंदरावर टाकून दिलेले जुने दोर गोळा करायचे, ते उसवायचे, रंगवायचे आणि त्यातून हे विणायचं, असा बाईंचा उद्योग. त्या काळात वॉर्सात त्या एका खोलीत राहत होत्या. हात मागे बांधा आणि अगदी जवळून बघा: सूत एकसारखं नाही, कुठे करंगळीएवढं जाड, कुठे केसासारखं. आमच्याकडे असा माल परत आला असता.

काही कामं मात्र सामानाने कळत नाहीत, तिथे मजकूर वाचायलाच हवा. क्रोएशियाच्या सान्या इवेकोविचचं 'ट्रँगल' म्हणजे चार काळेपांढरे फोटो आणि थोडा मजकूर. 10 मे 1979, झाग्रेब. तेव्हाच्या युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष टिटो यांच्या मोटारींचा ताफा खालून जाणार, म्हणून समोरच्या हॉटेलच्या गच्चीवर एक पहारेकरी आणि रस्त्यावर एक पोलीस. ही बाई आपल्या बाल्कनीत व्हिस्की आणि पुस्तक घेऊन बसली आणि भलतेच चाळे करत असल्याचा आव आणला. (सासूबाईंना मी 'चाळे' एवढंच सांगते, त्या समजायचं ते समजतात.) रस्त्यावरच्या माणसाला बाल्कनीतलं दिसत नव्हतं, गच्चीवरच्याला दिसत होतं. 18 मिनिटांनी दाराची बेल वाजली आणि हुकूम आला: बाल्कनीतून माणसं आणि वस्तू हटवा. फोटोंत बघण्यासारखं फार नाही. बेल डोक्यात वाजली पाहिजे. पाहुण्यांना ही गोष्ट मी फोटोंसमोर उभं राहूनच सांगते, घरी आधी सांगितली तर मजा जाते.

काबाकोव्हचं 'लॅबिरिंथ' मांडलेलं असेल तर अर्धा तास राखून ठेवा. मंद दिव्यांचा वळणावळणाचा बोळ, भिंतींवर त्याच्या आईच्या आठवणी, आणि कुठूनतरी येणारं त्याचं स्वतःचं गाणं. सगळं वाचायला जाऊ नका. दोन-तीन चौकटी वाचा आणि चालत राहा. पाय दुखतात, ते त्यात धरलेलंच आहे.

एडवर्ड क्रासिन्स्कीपुढून तर मी पहिल्या वेळी सरळ निघून गेले होते. भिंतीवर निळी चिकटपट्टी दिसली, वाटलं वायरमनची खूण राहिली असेल. हा पोलिश गृहस्थ 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून मिळेल त्या गोष्टीवर ती पट्टी लावत आला, बरोब्बर 130 सेंटिमीटर उंचीवर. टेटमधल्या त्याच्या 2001 च्या कामात टांगलेले आरसे आहेत आणि पट्टी त्यांच्यावरूनही जाते. आरशात आपण दिसतो आणि आपल्यावरूनही निळी रेघ गेलेली असते.

गेल्या खेपेला धाकटे दीर बरोबर होते, सिव्हिल इंजिनिअर. एवढा वेळ हूं की चूं नाही. इथे मात्र एक डोळा मिटून त्यांनी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली आणि म्हणाले, "वहिनी, लेव्हल मात्र पक्की आहे हो."