गिअर पडत नाही? एच-शिफ्टर वापरताना या चुका टाळा

नवा एच-शिफ्टर, म्हणजे रेसिंग गेमसाठीचा खऱ्या गाडीसारखा 'एच' आकाराच्या खाचांचा गिअर लिव्हर, घेतला, टेबलाला लावला, गेम सुरू केला आणि गाडी पहिल्यातून दुसऱ्यात जायलाच तयार नाही. अशा वेळी बरेच जण 'पीस खराब आलाय' म्हणत परत पाठवायच्या तयारीला लागतात. घाई करू नका. आधी सेटिंग तपासा, मग गेममधली गाडी, मग स्वतःचे हात-पाय. शिफ्टर उघडायची वेळ सगळ्यात शेवटी.

त्याआधी शिफ्टर नेमकं काय करतो ते समजून घ्या, म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. लिव्हर पहिल्या गिअरच्या खाचेत असेपर्यंत कॉम्प्युटरला एक बटण दाबून धरलेलं दिसतं. दुसऱ्यात टाकलं की ते सुटतं आणि दुसरं बटण दाबलं जातं. न्यूट्रल म्हणजे एकही बटण दाबलेलं नाही. सहा गिअर आणि रिव्हर्स, मिळून सात बटणं. आतमध्ये गिअरबॉक्स वगैरे काही नसतो. दात घासल्याचा आवाज, गिअर न पडणं, इंजिन बंद पडणं हे सगळं गेम ठरवतो.

थेट गेममध्ये जाऊन तपासणं

ही सगळ्यात मोठी चूक. विंडोजच्या स्टार्ट मेनूत 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' शोधा, व्हील (गेमचं स्टिअरिंग) निवडा आणि प्रॉपर्टीज उघडा. बटणांचे लाल दिवे दिसतील. एकेक गिअर टाका. प्रत्येक गिअरला एकच दिवा लागायला हवा आणि लिव्हर खाचेत असेपर्यंत तो स्थिर राहायला हवा. आता लिव्हर चौथ्यात ठेवून बोटाने हलकेच मागे-पुढे, डावी-उजवीकडे हलवा. दिवा लुकलुकला किंवा दुसऱ्याचा दिवा लागला, तर शिफ्टरमध्येच काहीतरी आहे. लुकलुकला नाही, तर शिफ्टर निर्दोष आहे आणि पुढचा शोध गेममध्ये घ्यायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे लोक अख्खा रविवार ड्रायव्हर काढण्या-टाकण्यात घालवतात.

याच खिडकीत क्लचही बघून घ्या. पेडल तळापर्यंत दाबल्यावर पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते का? ती थोडी आधीच थांबत असेल तर गेमला क्लच कायम अर्धवट दाबलेला वाटतो आणि गिअर अडतो. शिव्या मात्र शिफ्टरला बसतात.

पिन न बघता खरेदी

लॉजिटेकच्या ड्रायव्हिंग फोर्स शिफ्टरला यूएसबी वायर नसते. त्याचा नऊ पिनांचा प्लग जी२९, जी९२० किंवा जी९२३ या व्हीलच्या मागे बसतो. व्हील दुसऱ्या कंपनीचं असेल तर पीसीसाठी वेगळा यूएसबी अडॅप्टर लागतो, आणि कन्सोलवर त्याचाही भरवसा धरू नका. जुन्या पीसीच्या मागे अगदी तसाच दिसणारा सीरियल पोर्ट असतो. त्यात प्लग खोचून काहीही होणार नाही. थ्रस्टमास्टरचा टीएच८ए मात्र पीसीला थेट यूएसबीने जोडता येतो. तेव्हा गेमला तो व्हीलपेक्षा वेगळं उपकरण म्हणून दिसतो, म्हणून 'युरो ट्रक सिम्युलेटर २'सारख्या गेममध्ये कंट्रोलरच्या यादीत तो स्वतंत्रपणे निवडावा लागतो. ते राहून गेलं की व्हील चालतं आणि गिअर मुके राहतात.

जोडताना एक शिस्त पाळा. शिफ्टर आणि पेडल आधी व्हीलला लावा, लिव्हर न्यूट्रलला ठेवा, मगच व्हीलची यूएसबी आणि वीज चालू करा.

गेमला न सांगताच गिअर टाकणं

'असेटो कोर्सा'च्या कंट्रोल्समध्ये एच-शिफ्टरचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. 'फोर्झा होरायझन'मध्ये ट्रान्समिशन 'मॅन्युअल विथ क्लच' असेल तरच एच-शिफ्टरला अर्थ आहे, नुसतं 'मॅन्युअल' ठेवलंत तर गेम पॅडलचीच (स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्ट्यांची) वाट बघतो. 'बीमएनजी'मध्ये गिअरबॉक्सचा मोड 'रिअलिस्टिक' करा. 'युरो ट्रक'मध्ये ट्रान्समिशन सिम्पल ऑटोमॅटिकवरून एच-शिफ्टरवर आणावं लागतं.

ट्रकबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण रेसिंगवरून तिकडे वळलेल्यांची गाडी तिथे हमखास अडते. बारा गिअरचा ट्रक सहा खाचांवर चालवायचा तर रेंज बदलायचं बटण लागतं. एका रेंजमध्ये खालचे सहा, दुसऱ्यात वरचे सहा. हे बटण शिफ्टरजवळ, हाताला लागेल असं नेमून घ्या. सिग्नलला थांबल्यावर रेंज वरच राहिली, तर तुम्ही टाकलेला 'पहिला' प्रत्यक्षात सातवा असतो. भरलेला ट्रेलर सातव्यात उचलत नाही, इंजिन बंद पडतं. शिवाय गिअरचा नकाशा ट्रकच्या गिअरबॉक्सप्रमाणे बदलतो, म्हणून नवा ट्रक घेतलात की सेटिंगमधला तक्ता एकदा नजरेखालून घाला.

चुकीच्या गाडीत बसणं

जीटी३ वर्गातल्या शर्यतीच्या गाड्यांना एच-शिफ्टर नसतोच. त्यांचा गिअरबॉक्स सीक्वेन्शियल, म्हणजे गिअर ओळीने एकेकच वर-खाली होतो, बदलायचा स्टिअरिंगमागच्या पॅडलने. त्यामुळे 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने' हाच तुमचा मुख्य गेम असेल तर एच-शिफ्टरवर पैसे घालू नका, ते चांगल्या ब्रेक पेडलसाठी ठेवा. मूळ 'असेटो कोर्सा'तही पॅडलच्या गाडीत एच-शिफ्टर गप्प बसतो, आणि तसंच बसायला हवं. सरावाला टोयोटा जीटी८६ घ्या. ताकद बेताची, चूक झाली तर सावरायला वेळ देते.

बीएमडब्ल्यूच्या ई३० एम३चं उदाहरण मला फार आवडतं. युरोपात विकल्या गेलेल्या या गाडीत पहिला गिअर डावीकडे मागे होता, दुसरा-तिसरा आणि चौथा-पाचवा समोरासमोर. आपला शिफ्टर मात्र पहिला नेहमीच्या जागीच देतो. खरी मांडणी हवी असेल तर गेममध्ये बटणांची नेमणूक बदला. शेवटी ती बटणंच आहेत, हवी तशी फिरवता येतात.

मूठ आवळून लिव्हर ओढणं

बहुतेक शिफ्टरमध्ये न्यूट्रलला सोडलेला लिव्हर स्प्रिंगमुळे तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आपोआप येतो. हा स्प्रिंग वापरा. पाचव्यातून चौथ्यात येताना लिव्हर मागे न्यूट्रलला आणा, पकड क्षणभर सैल करा, तो मधल्या रांगेत आला की सरळ मागे घ्या. घाबरून मूठ आवळली की हात तिरका डावीकडे ओढतो आणि चौथ्याऐवजी दुसरा पडतो.

याची किंमत आकड्यात बघा. जीटी८६मध्ये पाचव्याचं गुणोत्तर १.०००, चौथ्याचं १.२१३ आणि दुसऱ्याचं २.१८८. पाचव्यात इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांवर असताना चौथा टाकला तर ते साधारण ६०६५वर जातं. दुसरा पडला तर चाकं त्याला जवळजवळ १०,९४०वर ओढतात, आणि इंजिनची मर्यादा आहे ७४००च्या आसपास. डॅमेज चालू असेल तर शर्यत तिथेच संपली.

याच हिशोबातून खाली येताना ॲक्सिलरेटरला ठोकर का द्यायची तेही कळतं. चौथ्यात ५०००वर असताना तिसरा (१.५४१) टाकायचा तर इंजिन सुमारे ६३५०ला हवं. क्लच दाबलेला असताना उजव्या पावलाचा पुढचा भाग ब्रेकवर ठेवून कडेने ॲक्सिलरेटर टिचकवा, मग क्लच सोडा. तसं न करता क्लच सोडला की मागची चाकं क्षणभर अडकतात आणि वळणाच्या तोंडावर गाडी फिरते. पहिले काही दिवस ऑटो-ब्लिप (ही ठोकर गेमने आपोआप द्यायची सोय) चालू ठेवायला हरकत नाही, ऑटो-क्लच मात्र लवकर बंद करा. क्लचविना एच-शिफ्टर शिकलेला पाय नंतर सुधारायला फार त्रास देतो.

सहावा टाकताना गाडी रिव्हर्स मागते, ही तक्रारही हातामुळेच. लॉजिटेकच्या शिफ्टरमध्ये लिव्हर खाली दाबून सहाव्याच्या जागी नेला की रिव्हर्स पडतो. तळहाताचा भार नॉबवर असेल तर सहाव्याच्या वेळी नकळत खाली दाब पडतो. बोटांनी बाजूने धरा. शिफ्टर फार खाली लावला असेल तरीही हात वरून पडतो, तेव्हा नॉब स्टिअरिंगच्या जवळ, कोपर किंचित वाकलेलं राहील अशा उंचीवर आणा.

शिफ्टर कुठल्या बाजूला लावायचा? आपल्या रस्त्यांवर गाडी चालवत असाल तर बेधडक डावीकडे लावा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीतही एचची मांडणी उलटत नाही, पहिला डावीकडे वरच असतो. म्हणजे डाव्या हाताची वर्षांची सवय जशीच्या तशी कामाला येते. पहिल्या-दुसऱ्यासाठी तळहात बाहेर वळवून लिव्हर लांब ढकला, पाचव्या-सहाव्यासाठी तळहात आत वळवून जवळ ओढा. रिव्हर्स तेवढा नव्याने शिकावा लागेल, कारण आपल्या गाड्यांतही त्याची जागा एक नाही. कुठे तो पाचव्याखाली, कुठे रिंग उचलून पहिल्याच्या डावीकडे.

क्लॅम्प सैल, किंवा नको इतका घट्ट

शिफ्टर हलला की हाताचा अंदाज चुकतो. पण प्लॅस्टिकचा क्लॅम्प करकचून आवळू नका, तो तडकतो. टेबल आणि क्लॅम्पच्या मध्ये रबराचा पातळ तुकडा घाला.

खरोखरच शिफ्टर बिघडला असेल तर

सुरुवातीच्या तपासणीत दिवे लुकलुकत असतील तर पुढचं वाचा. लॉजिटेकच्या जी२५, जी२७ आणि ड्रायव्हिंग फोर्स शिफ्टरमध्ये लिव्हरची जागा दोन पोटेन्शिओमीटर मोजतात, एक पुढे-मागे आणि एक डावी-उजवीकडे. त्यांच्या पट्टीवर झिजेची पूड आणि धूळ साचली की चौथ्याला दुसरा वाचला जातो, तिसरा मध्येच सुटतो. उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. वीज काढून तळाचे स्क्रू उघडा, पोटेन्शिओमीटरच्या फटीत थोडा मारा, लिव्हर सगळ्या गिअरमधून बऱ्याच वेळा फिरवा, पूर्ण वाळू द्या. गंज सैल करणारा तेलकट स्प्रे मारू नका, त्याच्या थरावर आणखी धूळ बसते. टीएच८एमध्ये चुंबकीय सेन्सर आहेत, तिथे या फवाऱ्याचा उपयोग नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून कॅलिब्रेशन करा.

वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावू नका. त्याच विंडोजच्या खिडकीत लिव्हर चौथ्यात ठेवून लुकलुकणारा दिवा मोबाइलवर शूट करा, लिव्हर आणि दिवा एकाच चौकटीत येतील असा, आणि तक्रारीसोबत तो व्हिडिओ जोडा. 'गेममध्ये नीट चालत नाही' एवढंच लिहिलंत तर समोरचा आधी ड्रायव्हर पुन्हा टाकायला सांगेल.